कपबशीची मोटर, छत्रीची मोटर

पटणार नाही. आधीच सांगून ठेवतो, तुमच्यापैकी एकालाही हे पटणार नाही. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मी हे एकदा सांगायला घेतलं, तर एक ट्रकवाला ताटातली भाकरी अर्धी टाकून उठला; म्हणाला, असल्या थापा ऐकण्यापेक्षा घाटात ट्रकचा पाटा तुटलेला बरा. पण अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं असतं तर मी ते सारजाबाईच्या हॉटेलात बसून सांगितलं असतं का? ही सारजाबाई म्हणजे धुळाजी मिस्त्रीची मंडळी, आणि धुळाजी म्हणजे आमच्या सुतार-लोहार सहकारी संस्थेतला सगळ्यात जुना सुतार. सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

"मला कशाला मधी ओढता?" सारजाबाई चहा गाळता गाळता म्हणाली. "तुमी सांगा. साखर टाकू का थापांनीच गोड होईल?"

तर ऐका.

ज्या साली पालीच्या धरणात क्रिकेटचे सामने भरले, ते साल. धरणाच्या काठावर नव्हे, धरणात. पाण्याची खोली दाखवणारी पट्टी असते ना, तिच्या शून्याजवळ स्टंप रोवले होते. गावात टँकर आला की माणूस आधी घागर रांगेत ठेवायचा आणि मग समोरच्याला रामराम घालायचा. पेरणी नाही म्हणून औताला गिऱ्हाईक नाही, बैल छावणीत गेले म्हणून गाडीला गिऱ्हाईक नाही, लग्नं पुढं ढकलली म्हणून पलंगालासुद्धा नाही. संस्थेच्या अकरा घरांतले रंदे खुंटीला. ऊसतोडीचा मुकादम दर आठवड्याला मोटारसायकलवर यायचा, शेडसमोर उभा राहायचा आणि माणसं मोजून जायचा.

अशा सालात संस्थेला शिएनशी मिळाली.

कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, इंजिनिअर लोक सीएनसी म्हणतात, गावानं तिची शिएनशी केली. एक भलंमोठं लोखंडी टेबल. टेबलाच्या दोन्ही कडांना रूळ. त्या रुळांवरून मागं-पुढं धावणारी एक आडवी कमान आणि कमानीला गरगर फिरणारं पातं. काँप्युटरात दाराचं चित्र घालायचं, टेबलावर फळी आवळायची, बटण दाबायचं आणि लांब उभं राहून दाढी खाजवायची. मशीनसोबत काम आलं, शाळांच्या दीडशे दारांचं. आणि कामासोबत अट आली. महिन्याच्या आत जिल्ह्याचे तपासणी साहेब येणार. त्यांच्यापुढं एक दार ठेवायचं. दार काटकोनात बसलं तर मशीन, दारं आणि अकरा घरं गावात. नाही बसलं तर मशीन उचलून अंबाजोगाईकडच्या एका संस्थेला. त्या संस्थेनं म्हणे शेड झाडून दारात रांगोळीसुद्धा काढून ठेवली होती.

ही सगळी जबाबदारी येऊन पडली चेअरमन उत्तरेश्वर गुरुजींच्या डोक्यावर. संस्थेत पॅनेलं दोन. सर्जेरावांचं चिन्ह कपबशी आणि जालिंदरचं छत्री. लागोपाठ तिसऱ्या दुष्काळात छत्रीला इतकी मतं पडली, की मतमोजणी करणाऱ्याला हसू आवरेना. पाच संचालक यांचे, पाच त्यांचे. अध्यक्ष कोण? तर दोन्हीकडच्यांना एकमेकांपेक्षा जरा कमी नावडणारा माणूस. म्हणून गुरुजी.

गुरुजींनी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला आणि भूमिती शिकवली. त्यांचा देव एकच, नव्वद अंशांचा. दुसऱ्याच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना आजही वाकड्या चौकोनाची स्वप्नं पडतात. असा माणूस भर सभेत म्हणाला, "मशीन मी चालवून दाखवतो. काटकोन माझ्याकडं लागला." घरी विमलबाई, म्हणजे त्यांची मंडळी, एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला मिक्सर लावता येत न्हाई." मिक्सरला काटकोन नसतो, हे गुरुजींना कोणाला समजावून सांगायचं नव्हतं.

पुण्याहून एक इंजिनिअर आला. त्यानं मशीन बसवलं, आमच्याकडं एका तांब्यात अंघोळ कशी करतात ते पाहिलं आणि त्याच दुपारच्या गाडीनं परत गेला. जाताना एक पुस्तक आणि एक फोन नंबर देऊन गेला. पुस्तक इंग्रजीत होतं आणि फोन कायम संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

गुरुजींनी शब्दकोश घेऊन तीन दिवसांत पुस्तक फोडलं. मर्म असं होतं. कमान लांब, म्हणून तिला ओढायला दोन मोटरी. एक डाव्या रुळावर, एक उजव्या. दोघी बरोबरीनं चालल्या तर कमान सरळ. एक जरा पुढं, एक जरा मागं, की कमान तिरपी. आणि कमान तिरपी तर दार तिरपं. म्हणून रोज काम सुरू करताना मशीन आधी 'घरी' जातं. दोन्ही रुळांच्या मागच्या टोकाला एकेक खटका. जी मोटर आधी पोचेल ती आपल्या बाजूचा खटका दाबून थांबते. दुसरी मागून येते, आपला खटका दाबते आणि थांबते. दोन्ही खटके एका ओळीत असले की कमान आपोआप काटकोनात. किती साधं! गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. एखाद्या यंत्राला रोज सकाळी उठून काटकोनाची आठवण होते, यापरता सद्गुण कोणता?

आता उद्घाटनाला हे लोकांना समजावून सांगण्याची काही गरज होती का? नव्हती. पण मास्तरकी अंगात मुरलेली. त्यांनी खडूनं फळ्यावर आकृती काढली, अ मोटर आणि ब मोटर. खालून सर्जेराव उठले.

"दोन मोटरी हायेत म्हणता?"

"हो."

"आन् पॅनेल बी दोन. गुर्जी, ही वाटणी वरूनच झालेली हाय! डावी मोटर कपबशीची."

"काहून रं?" जालिंदर उसळला. "डावी काहून तुमची? डावी आमची!"

"लेका, आधी डावी कुठली ते सांग!"

यावर दोन तास गेले. टेबलाच्या पुढून पाहिलं तर डावी ती मागून पाहिलं तर उजवी. शेवटी, यंत्राला तोंड आहे असं समजून, ते जिकडं पाहतं तिकडं पाहत डावं-उजवं ठरवावं, असा ठराव क्रमांक चार मंजूर झाला. शेडच्या दाराकडची मोटर कपबशीची, भिंतीकडची छत्रीची. दोन्ही मोटरींना हार घातले. एका हाराचा दोरा कमानीच्या चाकात गेला तो काढायला दुपार गेली.

"ते मातुर खरं हाय," सारजाबाई म्हणाली. "दोरा आमच्या ह्यांनीच काढला, चिमट्यानं."

सांगतोय ना मी! तर दुसऱ्या दिवशी पहिलं दार कापलं. काय ते पातं, काय तो भुसा! माणसं टाळ्या वाजवायला लागली. दार गुरुजींनी स्वतः उभं राहून संस्थेच्या कार्यालयाला बसवलं. वरचा कोपरा चौकटीला घासला, खालच्या कोपऱ्यातून उजेड आला. गुरुजींनी दाराकडं पाहिलं, चौकटीकडं पाहिलं आणि म्हणाले, "भिंत वाकडी आहे." गवंडी बोलावला. भिंत तासली. दार मग भिंतीत बसलं, पण भिंतीवरचा पत्रा आता कुठंच बसेना.

धुळाजी मिस्त्री कोपऱ्यात बिडी विझवत म्हणाला, "गुर्जी, एकदा कर्ण मापा की." त्याच्या हातात सुतळी होतीच. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, मग दुसऱ्या जोडीतून. चौकोन खरा असेल तर दोन्ही मापं सारखी. इथं अर्ध्या इंचाचा फरक. गुरुजींनी आयुष्यभर ज्या आकृतीवर लाल शाईनं काट मारली, तो समांतरभुज चौकोन त्यांच्या नावानं कार्यालयाला उभा होता! संध्याकाळी विमलबाईंनी ताट वाढलं आणि मुद्दाम तिरपं ठेवलं. गुरुजी जेवले नाहीत असं नाही, पण ताट सरळ न करता जेवले. इतका माणूस खचला.

सकाळी त्यांनी खटके मापले. कपबशीचा खटका दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढं आलेला. गुरुजींना वाटलं, स्क्रू सैल असेल. सरळ केला, आवळला. दुपारी परत मापलं तर छत्रीचा चार सूत पुढं. परत आवळला. दुसऱ्या दिवशी कपबशीचा एक इंच पुढं! गुरुजींनी स्क्रू बदलले, वायसर टाकले. शेजारचे बद्रीनाथ, एसटीत तीस वर्षं मेकॅनिक होते, ते म्हणाले की हे उन्हानं होतंय, लोखंड फुगतं. म्हणून शेडवर पाचट टाकलं. ते छावणीतून सुटून आलेल्या दोन गाईंनी खाल्लं, पत्र्यासकट खाल्लं म्हणत नाही, पण पत्रा चाटून चकाचक केला.

भेद कळला तो तिसऱ्या दिवशी. गुरुजी चहाला म्हणून उठले आणि चष्मा विसरला म्हणून लगेच फिरले. बघतात तर सर्जेराव, अंगावर पांढरीशुभ्र खादी, टेबलाखाली आडवे. हातात पाना.

"सर्जेराव! हे काय?"

सर्जेराव उठले, खादी झटकली आणि जराही न लाजता म्हणाले, "गुर्जी, रोज सकाळी छत्रीची मोटर आधी पोचती. लोकं बघत्यात. आमच्या पाच लोकांनी तोंड कुठं दाखवावं?"

खटका पुढं ओढला की मोटरीला कमी अंतर चालावं लागतं, आणि ती आधी घरी पोचते. हा शोध दोन्ही पॅनेलांनी एकाच दिवशी लावला होता! रोज सकाळी घरी जाण्याच्या वेळेला शेडमध्ये माणसं जमायची, त्यात बाया, पोरं आणि तंबाखू मळणारे म्हातारे. मशीन सुरू झालं की, "आली, आली, कपबशीची आली!" आणि टुक् करून खटका वाजला की एका बाजूला जल्लोष, दुसऱ्या बाजूला पाना शोधायची घाई. गुरुजींना वाटत होतं, गावाला यंत्राची गोडी लागली. गावानं शंकरपट लावला होता, बैलांच्या शर्यतीऐवजी मोटरींचा.

आता या चढाओढीचा हिशेब बघा; चोरी पकडली म्हणून ती काही थांबली नव्हती. आज हा दोन बोटं पुढं, उद्या तो चार बोटं. मशीनचं घर रोज पुढं पुढं सरकतंय. कमान कधी या अंगाला तिरपी, कधी त्या अंगाला, कुरकुर करतेय. आठव्या दिवशी घर टेबलाच्या ऐन मध्यावर आलं! पुढं जागा उरली ती किती? दार सोडा, खिडकी सोडा, त्यात बसलं असतं फक्त पोळपाट. आणि तोसुद्धा लंबगोल.

आणि नेमकं त्याच दिवशी पत्र आलं. तपासणी साहेब येत्या गुरुवारी. त्या दिवशी सोमवार, म्हणजे मध्ये दोनच दिवस. मुकादमाला पत्र न वाचताच कळलं असावं, कारण या वेळी त्यानं मोटारसायकल स्टँडवर लावली आणि शेडच्या सावलीत बसून वही काढली. अकरांपैकी चारजण त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. उगाच, सहज उभे राहिल्यासारखे. त्यांत एकजण गुरुजींच्याच वर्गातला होता, भूमितीत पहिला आलेला.

गुरुजींनी ते पाहिलं आणि तातडीची सभा बोलावली.

खटक्याला हात लावू नका, असं सांगून उपयोग नव्हता. दोन्ही पॅनेलांनी तसा ठराव एकमतानं मंजूर केला असता आणि बाहेर पडून पाने उचलले असते. रागवून उपयोग नव्हता. त्यांच्याकडं छडी राहिली नव्हती. गुरुजी उभे राहिले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "सर्जेराव, तुमच्या पुतण्याच्या लग्नाला मंत्री आले होते. किती वाजता?"

"मुहूर्त बाराचा व्हता. सायब दोनला आले," सर्जेराव छाती काढून म्हणाले. "नवरा-नवरी थांबली व्हती त्यांच्यासाठी!"

"आणि आधी कोण आलं होतं?"

"वाजंत्री. आन् आचारी."

"मग मला एक सांगा," गुरुजी म्हणाले, "ज्या मोटरीला आधी येऊन, खटका दाबून, दुसरीची वाट बघत उभं राहावं लागतं, ती मंत्री का वाजंत्री?"

शेडमध्ये इतकी शांतता पसरली, की रिकाम्या रांजणात सरडा चालल्याचा आवाज आला. सर्जेरावांनी जालिंदरकडं पाहिलं. जालिंदरनं सर्जेरावांकडं पाहिलं. गेले आठ दिवस आपण वाजंत्री होण्यासाठी जिवाचं रान केलं, हे दोघांच्या एकाच क्षणी ध्यानात आलं.

"सभा संपली," गुरुजी म्हणाले आणि घरी जाऊन चक्क झोपले.

मग जी उलटी गंगा वाहिली! कपबशीवाल्यांनी खटका मागं नेला, एक वीत. छत्रीवाल्यांनी मागं नेला, दीड वीत. जेवणाच्या सुट्टीत हे हातभर, तर ते दीड हात. जो शेवटी पोचेल तो मोठा! मंगळवार सगळा यात गेला. बुधवारी सकाळी दोन्ही खटके रुळाच्या टोकाच्याही पलीकडं, हवेत लोंबकळत होते. एकाला तर सुतळीनं बांधून मागच्या भिंतीच्या खिळ्याला अडकवलेलं.

गुरुजींनी मशीन सुरू केलं. गाव जमलेलं. कमान निघाली घरी. कोणी ओरडेना, आता ओरडण्यात कमीपणा होता. "सावकाश गं बाई," छत्रीवाले म्हणत होते, "घाई न्हाई आपल्याला." कमान टोकाला आली. खटका नाही. धाड! एका अंगानं, रुळाच्या टोकाला अडवायला बसवलेल्या लोखंडी अडणीवर आदळली. दुसरं अंग मागून आलं. धाड! तेही आदळलं. पुढं जायला जागा नाही आणि थांब म्हणायला खटका नाही. दोन्ही मोटरी जागच्या जागी घरघरायला लागल्या, टेबल थरथरायला लागलं, खिळ्यावरचं कॅलेंडर, विमलबाईंची शपथ, आपोआप सरळ झालं. गुरुजींनी तांबडं बटण ठोकलं.

सगळं थांबलं. गुरुजी मटकन खाली बसले. मोडलं, त्यांच्या मनात आलं. मशीन मोडलं, अकरा घरं मोडली, आणि हे माझ्या अक्कलहुशारीनं. त्यांना वर बघवेना. तेवढ्यात धुळाजी आपला लाकडी गुण्या, म्हणजे सुताराचं काटकोन मापायचं साधन, घेऊन टेबलावर वाकला. एक भुजा रुळाला लावली, एक कमानीला. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला, पहिला उघडला.

"गुर्जी," तो म्हणाला, "उजेड दिसंना."

"कशाचा उजेड?"

"फटीचा. गुण्या चिकटून बसलाय. कमान काटकोनात हाय!"

गुरुजी कसे उठले हे त्यांनाही कळलं नाही. अहो, बरोबर होतं! टेबलाच्या टोकाच्या दोन अडण्या कारखान्यातूनच एका ओळीत वेल्डिंग करून जोडलेल्या. दोन्ही बाजू जाऊन त्यांना टेकल्या, म्हणजे कमान सरळ होण्यावाचून तिला गत्यंतरच नव्हतं. पुस्तकात जे सांगायला सतरा पानं लागली, ते दोन पॅनेलांनी हट्टानं करून दाखवलं! आता खटके फक्त या जागेपासून सारख्याच अंतरावर पुढं बसवायचे. सारखे कसे? धुळाजीनं सागाची एक पट्टी रंदून एकसारखी केली, मधून कापली, अर्धी या अडणीला लावली, अर्धी त्या. कमान त्या दोन तुकड्यांना टेकवली आणि जिथं टेकली तिथंच खटके आवळले. "दोघी एकाच वेळेला पोचतील," गुरुजींनी जाहीर केलं, "मंत्री दोन, वाजंत्री कोणीच नाही." स्क्रूंवर लाख ओतून दोन्ही पॅनेलांचे अंगठे उठवले, मतपेटीला करतात तसे. मग एका फळीवर चार कोपऱ्यांना चार भोकं पाडली, सुतळीनं कर्ण मापले. सारखे! सर्जेराव आणि जालिंदर एकमेकांच्या गळ्यात पडले आणि लगेच, लोक बघतायत म्हणून, बाजूला झाले.

आणि उगवला गुरुवार! साहेब आले. सारजाबाईनंच चहा दिला त्यांना. साहेब घाईत, तोंडावर रुमाल, हातात फायलीचा पंखा. गुरुजींनी छाती भरून श्वास घेतला आणि बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला! दोन्ही मोटरी अशा निघाल्या, जणू एका आईच्या पोटच्या. टुक्! एकच आवाज, दोन नव्हेत. मग पातं खाली उतरलं आणि भुसा असा उडाला, की साहेब गुडघ्यापर्यंत पुरले गेले, त्यांच्या शिपायाला त्यांचे बूट उकरून काढावे लागले. पंचवीस मिनिटांत दार तयार, गरम, हात लावला तर चटका बसावा असं! साहेबांनी स्वतःच्या टेपनं कर्ण मापले. एकदा, दोनदा, सात वेळा. केसाचा फरक नाही! फॉर्मवर सही ठोकली. दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि गुरुजींना म्हणाले, "शेवटी मशीन ते मशीन, गुरुजी. माणसाच्या हाताला हे जमायचं नाही."

सारजाबाईनं किटली दाणकन् स्टोव्हवर ठेवली.

"गप बसा आता! लई झालं!" ती म्हणाली. "चार भोकं पाडली, ती खरी. चौथ्या भोकालाच गावाचा डीपी उडाला, आन् लाइट आली ती शुक्रवारी. गुरुवारी सायब फायलीनं वारं घेत काहून बसला असता, पंखा चालू असता तर? बिनलाइटीची चालली व्हय तुमची शिएनशी? ते दार बुधवारी दिवस मावळेस्तोवर माज्या मालकानं रंद्यानं केलंय. आन् त्यो सायब पुन्ना भेटला, तर त्याला सांगा म्हणावं, माणसाच्या हाताला जमलं!"